‘खराब’ डब्यातील सतरा ट्रान्झिस्टर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा त्यांच्या मनात संस्थेचा इतिहास असावा. इतिहास हा आमचा विषय, आणि वसतिगृहाच्या पहिल्या पत्र्याच्या खोल्यांपासूनच्या हकिकती आमच्यापाशी आहेतही. परंतु त्या विषयावर याच अंकात आमच्याहून अधिकारी मंडळी लिहीत आहेत. म्हणून आम्ही एका निराळ्याच गोष्टीविषयी लिहिण्याची परवानगी मागून घेतली. विज्ञान शिक्षकाचे पद रिक्त असलेल्या काळात शाळेच्या विज्ञान मंडळाचा भार काही वर्षे आमच्याकडे होता. त्या वर्षांत आम्ही मुलांना जेवढे शिकवले त्याहून अधिक मुलांबरोबर शिकलो. त्यातील एक धडा, साध्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला बायस कसा द्यावा आणि त्याचे रोधक कसे निवडावेत हा, येथे आकडेमोडीसह मांडत आहोत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज वीज मंडळात, रेल्वेत किंवा कारखान्यांत आहेत त्यांना यातले बरेच ठाऊक असेल. पालकांनी मात्र आकडे पाहून पान उलटू नये. गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित यात नाही.

प्रयोगशाळेच्या कपाटात बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. त्यावर कागद चिकटवून आमच्याच हस्ताक्षरात ‘खराब’ असे लिहिलेले होते. एका वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या डब्यात सतरा ट्रान्झिस्टर जमले. ते कसे जमले, ते आधी सांगितले पाहिजे.

सभागृहातील ध्वनिक्षेपकाचा संच जुना होता. मुलांनी आणलेला छोटा इलेक्ट्रेट मायक्रोफोन त्याला थेट जोडला तर आवाज पुटपुटल्यासारखा येई. अशा मायक्रोफोनमधून जेमतेम काही मिलिव्होल्टचा संकेत निघतो. तो आधी वीसेक पटींनी वाढवून मग मोठ्या संचाला द्यावा लागतो. एका जुन्या पुस्तिकेत एका ट्रान्झिस्टरचे मंडल सापडले. ९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ जातीचा ट्रान्झिस्टर, कलेक्टरला ४.७ किलोओहमचा रोधक आणि बॅटरीच्या धन टोकापासून थेट बेसपर्यंत १ मेगओहमचा रोधक, एवढाच त्याचा पसारा. मुलांनी ते जोडले आणि डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात ते उत्तम चालले. पुढे त्याचा ट्रान्झिस्टर हाताळणीत तुटला. १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी आम्ही तालुक्याच्या दुकानातून नवीन ट्रान्झिस्टरांचे पाकीट आणले. पहिला बसवला, तर आवाज घोगरा आणि तुटक. दुसरा बसवला, तेच. तिसरा, चौथा, पाचवाही तसाच. दुकानदाराने फसवले असे म्हणून आम्ही एकेक काढून डब्यात टाकत गेलो आणि दुसरे पाकीट आणले. तेही तसेच निघाले.

अखेर नववीतील एका मुलाने विचारले, “सर, सतराच्या सतरा कसे खराब असतील?” उत्तर आमच्यापाशी नव्हते. जयंतीला आठ दिवस राहिले होते.

आता मूळ विषयाकडे येऊ. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: कलेक्टर, बेस आणि एमिटर. बीसी ५४७ ची चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून हाच क्रम येतो. सर्वच जातींचा क्रम हा नसतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. बेसमधून एमिटरकडे किंचित धारा सोडली की कलेक्टरमधून एमिटरकडे तिच्या कित्येक पट धारा वाहते. ही पट म्हणजे त्या ट्रान्झिस्टरचा धारा-लाभ. त्याला बीटा म्हणतात. बेस व एमिटर यांच्यामध्ये मात्र साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळाल्याखेरीज हे दार उघडत नाही.

मायक्रोफोनचा संकेत शून्याच्या वर आणि खाली हेलकावे खातो. तो काही मिलिव्होल्टचा संकेत थेट बेसला दिला तर दार मुळी उघडणारच नाही. म्हणून संकेत येण्यापूर्वीच ट्रान्झिस्टरला अर्धवट उघडून ठेवावे लागते. या उघडून ठेवण्यालाच बायस देणे म्हणतात. झोपाळा टांगताना आपण तो अंगणाच्या मधोमध टांगतो. भिंतीला चिकटून टांगला तर एका बाजूचा झोका भिंतीवर आपटणार. ॲम्प्लिफायरच्या कलेक्टरवरील व्होल्टेज म्हणजे हा झोपाळा. वरची भिंत म्हणजे बॅटरीचे ९ व्होल्ट. खालची भिंत म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला असता कलेक्टरवर उरणारे नाममात्र व्होल्टेज. शांत असताना कलेक्टर या दोहोंच्या मध्यावर असला, तर आवाजाचा हेलकावा दोन्ही बाजूंना मोकळेपणी जातो.

त्या मुलाने मल्टिमीटर लावला आणि मंडल शांत असताना कलेक्टरवरील व्होल्टेज मोजले. मीटरने ०.१ व्होल्ट दाखवले. झोपाळा खालच्या भिंतीला चिकटलेला होता. मग त्याने मीटरच्या ट्रान्झिस्टर तपासण्याच्या खाचेत डब्यातील ट्रान्झिस्टर एकामागून एक घातले आणि वहीत बीटा लिहीत गेला. दोन सोडले तर बाकी सर्वांचे आकडे २४० ते ३३० च्या दरम्यान आले. डिसेंबरमध्ये चाललेल्या ट्रान्झिस्टरची नोंद त्याच वहीत आधीच्या पानावर होती. ती होती ११५.

गणित करून पाहिले तेव्हा सारा उलगडा झाला. १ मेगओहमच्या रोधकातून बेसला मिळणारी धारा म्हणजे ९ वजा ०.६५, म्हणजे ८.३५ व्होल्ट भागिले १ मेगओहम, अर्थात ८.३५ मायक्रोअँपिअर. बीटा ११५ असेल तर कलेक्टरची धारा ०.९६ मिलिअँपिअर. ४.७ किलोओहमवर तिच्यामुळे साडेचार व्होल्ट खर्ची पडतात आणि कलेक्टर बरोबर मध्यावर, साडेचारावर राहतो. बीटा २४० असेल तर तीच बेसची धारा कलेक्टरमधून २ मिलिअँपिअर मागते. त्यासाठी ४.७ किलोओहमवर ९.४ व्होल्ट लागतील. बॅटरीच मुळी ९ व्होल्टची! ट्रान्झिस्टर पूर्ण उघडून अडकून बसला. डब्यातले ट्रान्झिस्टर खराब तर नव्हतेच, आमच्या आवडत्या जुन्या ट्रान्झिस्टरपेक्षा त्यांचा लाभ दुपटीहून अधिक होता. पुस्तिकेतील मंडल एका विशिष्ट ट्रान्झिस्टरच्या मापाचे शिवलेले होते आणि जो त्यात मावेना त्याला आम्ही खराब ठरवीत होतो. त्या डब्यावरील आमचे अक्षर पाहून त्या दिवशी आम्हास बरे वाटले नाही.

येथे एक खुलासा हवा. बीटातील हा फरक कारखान्याचा हलगर्जीपणा नव्हे. बीसी ५४७ चे ए, बी व सी असे गट करूनच ते विकतात. २ मिलिअँपिअर धारेला ए गटाचा बीटा ११० ते २२०, बी गटाचा २०० ते ४५० आणि सी गटाचा ४२० ते ८०० असू शकतो. म्हणजे एकाच नावाच्या दोन ट्रान्झिस्टरांत सातपटीचा फरक असू शकतो आणि दोन्ही आपापल्या जागी निर्दोष असतात. दुकानात ‘५४७ द्या’ म्हटले की शेवटचे अक्षर कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

यावर दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टरचा बीटा मोजून त्याच्या मापाचा बेस-रोधक निवडायचा. पुष्कळ हौशी मंडळी आजही हेच करतात. दुसरी म्हणजे बीटा कितीही असला तरी चालेल असे मंडलच रचायचे. आमचा कल दुसऱ्या वाटेकडे होता, पण त्या वाटेवरचा आमचा पहिला उपाय फसला.

मुलांनी विचार केला की बेसला धारा देण्याऐवजी नेमके व्होल्टेजच द्यावे. म्हणून दोन रोधकांचा विभाजक करून, मध्ये एक फिरवता येणारा प्रीसेट घालून, बेसला सुमारे ०.६ व्होल्ट दिले. एमिटर थेट ऋण टोकाला जोडलेला होता. सकाळी प्रीसेट फिरवून कलेक्टर मध्यावर आणला आणि मंडल सुरेख चालले. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ते पुन्हा घोगरे झाले. त्याचे कारण उष्णता. तेवढीच धारा वाहण्यासाठी बेस-एमिटरला लागणारे व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होते. आणि बेसवर अवघे १८ मिलिव्होल्ट जास्त पडले तरी कलेक्टरची धारा दुप्पट होते. सकाळ-दुपारच्या तापमानात दहा अंशांचा फरक पडला की २० मिलिव्होल्टांचा फरक झाला, आणि धारा दुपटीच्याही पुढे गेली. एप्रिलमध्ये दहा अंश म्हणजे काहीच नव्हेत. ०.६ व्होल्ट अचूक धरून ठेवण्याचा हा प्रयत्न मुळातच वेडेपणाचा होता.

यावरील तोड म्हणजे एमिटर आणि ऋण टोक यांच्यामध्ये घातलेला एक साधा रोधक. त्याचे काम समजले की बायसचा निम्मा विषय समजला. समजा, उष्णतेमुळे किंवा बीटा अधिक असल्यामुळे धारा वाढू लागली. ती एमिटरच्या रोधकातूनच जाणार, म्हणून एमिटरवरील व्होल्टेजही वाढणार. बेसचे व्होल्टेज विभाजकाने धरून ठेवलेले आहे. तेव्हा बेस आणि एमिटर यांच्यातले अंतर आपोआप घटते, दार थोडे मिटते आणि धारा मागे येते. धारा घटू लागली तर याच्या उलट घडते. कोणी प्रीसेट फिरवण्याची गरज उरत नाही.

ही कल्पना ट्रान्झिस्टरहून जुनी आहे आणि येथे आमच्यातला इतिहासाचा शिक्षक गप्प बसत नाही. १९२७ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महाडचे चवदार तळे येते. त्याच वर्षी २ ऑगस्टच्या सकाळी अमेरिकेत हॅरल्ड ब्लॅक हा बेल प्रयोगशाळेतील तरुण अभियंता फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामावर निघाला होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर ठिकठिकाणी व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बसवावे लागत आणि प्रत्येकाची विकृती पुढच्यात मिसळून अखेरीस बोलणे ओळखू येईनासे होई. निर्दोष व्हॉल्व्ह बनवण्याची खटपट वर्षानुवर्षे चालली होती. ब्लॅकला बोटीवर सुचले ते असे, की बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलटा करून पुन्हा आत द्यावा. त्यात लाभ कमी होईल खरा, परंतु उरलेला लाभ व्हॉल्व्हच्या लहरीवर अवलंबून राहणार नाही. हातात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ होता. त्याच्याच पानावर त्याने आकृती आणि समीकरणे मांडली. मुद्दाम लाभ घालवणारा ॲम्प्लिफायर ही गोष्ट लोकांच्या सहजी गळी उतरली नाही. पेटंट पदरात पडायला १९३७ उजाडले. पुढे १९४७ च्या डिसेंबरमध्ये त्याच संस्थेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमचा पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्या दोघांना आणि विल्यम शॉकली यांना १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या एमिटरमधला काही पैशांचा रोधक ब्लॅकच्याच वंशातला आहे.

आता प्रत्यक्ष निवड. बॅटरी ९ व्होल्टची आहे. आवाजाच्या पहिल्या टप्प्यासाठी कलेक्टरची धारा सुमारे १ मिलिअँपिअर धरावी. बॅटरीवर भार पडत नाही आणि गणितही सोपे होते.

एमिटरवर किती व्होल्ट राखावेत? जितके अधिक, तितके स्थैर्य अधिक, परंतु झोपाळ्याचे अंगण तितके अरुंद. साधारण १ व्होल्ट हा चांगला मध्य आहे. उष्णतेने बेस-एमिटरच्या व्होल्टेजमध्ये ४० मिलिव्होल्टांचा फरक पडला, म्हणजे डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यांतला फरक, तरी तो १ व्होल्टाच्या तुलनेत चार टक्के. १ व्होल्ट भागिले १ मिलिअँपिअर म्हणजे एमिटरचा रोधक १ किलोओहम.

कलेक्टर आता ९ व्होल्टपासून खाली सुमारे १.२ व्होल्टपर्यंतच जाऊ शकतो, कारण एमिटर स्वतःच १ व्होल्टवर बसला आहे. या दोहोंचा मध्य ५.१ व्होल्ट. म्हणजे कलेक्टरच्या रोधकावर ३.९ व्होल्ट खर्ची पडावेत. १ मिलिअँपिअरला ३.९ किलोओहम लागतो आणि हे माप बाजारात तयार मिळते. जुन्या पुस्तिकेत बॅटरीचा निम्मा, साडेचार व्होल्ट, हा मध्य सांगितला होता. एमिटरला रोधक नसेल तेव्हाच तो खरा.

बेस एमिटरच्या ०.६५ व्होल्ट वर, म्हणजे १.६५ व्होल्टवर हवा. हे व्होल्टेज दोन रोधकांच्या विभाजकातून घ्यायचे. विभाजकातील धारा बेसच्या धारेच्या दहापट असावी, असा कामगारांचा जुना ठोकताळा आहे. बीटा कमीत कमी १०० धरला तर बेसची धारा १० मायक्रोअँपिअर, म्हणून विभाजकात १०० मायक्रोअँपिअर. खालच्या रोधकाचे उत्तर १६.५ किलोओहम येते. दुकानात १५ मिळतो, तो घ्यावा. त्यातून ११० मायक्रोअँपिअर जातील. वरच्या रोधकातून बेसचे १० मिळवून १२० जातील आणि त्यावर ७.३५ व्होल्ट पडतील. उत्तर येते ६१ किलोओहम. सहज मिळणारी मापे ५६ आणि ६८. दोन्ही चालतात. आम्ही ६८ घेतला, कारण धारा किंचित कमीच राहते. रंगपट्ट्या नीट पाहाव्यात. निळा-करडा-नारिंगी म्हणजे ६८ किलोओहम, निळा-करडा-लाल म्हणजे ६.८. एका गटाने हा दुसरा लावला होता आणि त्यांचा कलेक्टर पुन्हा खाली अडकला होता.

आता या रचनेची परीक्षा. बीटा ११० असेल तर कलेक्टरची धारा ०.८७ मिलिअँपिअर येते आणि कलेक्टर ५.६ व्होल्टवर राहतो. बीटा ८०० असेल तर धारा ०.९६ आणि कलेक्टर ५.२५ वर. बीटात सातपटीहून अधिक फरक, आणि धारेत अवघा दहा टक्के. बॅटरी उतरत ७ व्होल्टवर आली तरी कलेक्टर पावणेपाच व्होल्टच्या आसपास राहतो आणि आवाज चालू राहतो. मुलांनी हे आकडे कागदावर काढले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. डब्यातले ट्रान्झिस्टर एकेक करून ब्रेडबोर्डवर खोचून त्यांनी स्वतः मोजले, तेव्हा बसला.

विभाजकाच्या दहापटीविषयी दोन शब्द अधिक, कारण येथे उत्साही विद्यार्थी चुकतात. दहापट चांगली तर शंभरपट अधिक चांगली, असे एका गटाचे म्हणणे पडले. त्यांनी ६.८ आणि १.५ किलोओहम लावले. बायस खरोखरच दगडासारखा स्थिर झाला, परंतु विभाजक एकटाच १ मिलिअँपिअरहून अधिक धारा खाऊ लागला, म्हणजे ट्रान्झिस्टरहूनही जास्त. शिवाय मायक्रोफोनला आता सव्वा किलोओहमचे ओझे ओढावे लागल्याने त्याचा आवाजच दबला. याउलट बॅटरी वाचवायला ६८० आणि १५० किलोओहम लावले, तर बीटा ११० ला धारा ०.४६ आणि ८०० ला ०.८५ मिलिअँपिअर, म्हणजे जवळपास दुपटीचा फरक आणि जुनेच दुखणे परत. दहापटीचा ठोकताळा या दोहोंमधली वाट आहे.

राहिला लाभ. एमिटरचा रोधक जसा बायसची धारा आवरतो तसाच आवाजाच्या संकेतालाही आवरतो. त्यामुळे व्होल्टेजचा लाभ कलेक्टर-रोधक भागिले एमिटर-रोधक एवढाच, म्हणजे ३.९ राहतो. आम्हास वीस हवा होता. एमिटरच्या रोधकाला समांतर मोठा कपॅसिटर जोडला, तर संकेत त्यातून वळसा घालून जातो आणि स्थिर धारा मात्र रोधकातूनच जाते. तसे केल्यास ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आंतरिक रोध तेवढा उरतो. तो म्हणजे २५ भागिले मिलिअँपिअरमधील धारा, येथे सुमारे २८ ओहम. लाभ मग १४० च्या घरात जातो. परंतु हे २८ ओहम धारेबरोबर बदलतात, म्हणून मोठ्या आवाजात विकृती येते. जे स्थैर्य एका हाताने मिळवले तेच दुसऱ्या हाताने थोडे घालवल्यासारखे होते. आम्ही मधला मार्ग घेतला. १ किलोओहमच्या जागी १८० आणि ८२० ओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडले आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फक्त ८२० ला समांतर दिला. बायसच्या दृष्टीने एमिटरमध्ये १ किलोओहमच राहिला. संकेताच्या दृष्टीने १८० अधिक २८, म्हणजे २०८ ओहम. लाभ सुमारे १९. ट्रान्झिस्टर कोणताही घाला, लाभ १९ च्या आसपासच.

मायक्रोफोन आणि बेस यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. तो संकेत जाऊ देतो आणि बेसचे १.६५ व्होल्ट अडवतो. इलेक्ट्रेट मायक्रोफोनला स्वतःला चालण्यासाठी बॅटरीकडून १० किलोओहममधून धारा द्यावी लागते. हे विसरल्यास सारे बरोबर असूनही आवाज येत नाही. कलेक्टरकडून पुढच्या संचाकडे १० मायक्रोफॅरड. पुढच्या संचाचा आदानरोध १० किलोओहम असेल तर तो कलेक्टर-रोधकाला समांतर येतो आणि लाभ १९ वरून साडेतेरापर्यंत उतरतो. आमच्या संचाला तेवढे पुरले. याच कलेक्टरला कोणी ८ ओहमचा स्पीकर जोडेल तर मात्र काहीच ऐकू येणार नाही. ८ भागिले २०८, म्हणजे लाभ कुठला, संकेतच पंचवीस पटींनी घटतो. स्पीकर हलवायला अधिक धारेचा स्वतंत्र टप्पा लागतो. आज त्यासाठी एलएम ३८६ सारखी तयार चिप मिळते.

मंडल जोडून झाल्यावर मायक्रोफोन लावण्याआधी तीन ठिकाणी मीटर लावावा. एमिटरवर ०.९ ते १ व्होल्ट, बेसवर त्याहून ०.६ ते ०.७ अधिक आणि कलेक्टरवर सव्वापाच ते साडेपाच. हे तीन आकडे जुळले तर उरलेला दोष ट्रान्झिस्टरात शोधू नये. कपॅसिटर, डाख आणि तारा पाहाव्यात.

१४ एप्रिलला सभागृहात मायक्रोफोन चालला. सकाळी वंदनेला चालला आणि भर दुपारी, पत्रे तापलेले असताना, मुलांच्या भाषणांनाही चालला. त्या आधीच्या आठवड्यात डब्यातल्या सतरापैकी पंधरा ट्रान्झिस्टर नव्या मंडलात तपासून निर्दोष ठरले होते. उरलेल्या दोहोंपैकी एकाचा पाय मुळातून मोडला होता आणि दुसरा डाख देताना फार वेळ तापवल्याने गेला होता. दोन्ही गोष्टी आमच्याच हातून घडलेल्या. डब्यावरचा कागद त्या मुलाने ओल्या फडक्याने काढून टाकला आणि ते पंधरा ट्रान्झिस्टर पुढील दोन वर्षे वर्गात वापरात राहिले.

ज्यांना हे मंडल घरी जुन्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर करावयाचे असेल त्यांनी वरचा रोधक ६८ च्या जागी ८२ किलोओहम आणि कलेक्टरचा ३.९ च्या जागी ४.७ किलोओहम घ्यावा. बाकी सर्व तसेच ठेवावे. एमिटरवर १.१ आणि कलेक्टरवर ६.७ व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत. ५४७ च्या पुढचे अक्षर कोणते आहे, ते पाहण्याची गरज नाही.